उजेड पाहुण्याचा, घर यजमानाचे

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास अकोल्याच्या रस्त्यावर फारसे कोणी दिसत नाही. पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीचे दार उघडले की भट्टीचे तोंड उघडल्यासारखी झळ अंगावर येते. आतले तापमान ६० अंशांच्या वर सहज गेलेले असते. अशा मोटारीत मेणबत्ती विसरली तर ती वाकून पडते आणि चॉकलेटचे पाणी होते.

आता समजा, त्याच मोटारीत कोणाचा तरी मोबाइल राहिला आहे आणि त्याचा पडदा ओएलईडी जातीचा आहे. या नावातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ ‘सेंद्रिय’. म्हणजे त्या पडद्यात प्रकाश देणारे थर काचेचे किंवा धातूचे नसून कार्बनी रेणूंचे असतात. कपाटात ठेवायच्या डांबराच्या गोळ्या तुम्हाला माहीत आहेत. त्यांतला नॅफ्थॅलीन हा पदार्थ या रेणूंचा दूरचा भाऊबंदच आहे. डांबराची गोळी उन्हाळ्यात हळूहळू उडून जाते. मग पडद्यातला सेंद्रिय थर का उडून जात नाही? तो वितळत किंवा विस्कटत का नाही?

या प्रश्नाचे उत्तर एका पडद्याआडच्या पदार्थात दडलेले आहे. त्याला ‘यजमान द्रव्य’ म्हणतात. हा पदार्थ स्वतः बहुधा प्रकाश देत नाही. प्रकाश देणारा ‘पाहुणा’ वेगळाच असतो, पण यजमान चांगला नसेल तर पाहुण्याचा उजेड पडत नाही. असा यजमान रेणू कसा निवडतात, कसा घडवतात आणि आपल्या विदर्भात या दिशेने काय काम झाले आहे, ते या लेखात पाहू.

केसाहून बारीक दिवा

ओएलईडीची रचना सँडविचसारखी असते. खाली काच, तिच्यावर वीज वाहून नेणारा पण पारदर्शक असा इंडियम-कथिल ऑक्साइडचा लेप, त्यावर सेंद्रिय पदार्थांचे काही थर आणि सर्वांत वर धातूचा थर. पारदर्शक लेपाला बॅटरीचे धन टोक जोडतात आणि धातूच्या थराला ऋण टोक. धातूकडून इलेक्ट्रॉन आत शिरतात. दुसऱ्या बाजूने रेणूंतले इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात, म्हणजेच तिकडून ‘पोकळ्या’ आत सरकतात. पोकळी म्हणजे इलेक्ट्रॉन नसलेली जागा, आणि तिचे वागणे धन विद्युत्भारासारखे असते. मधल्या थरात एखाद्या रेणूवर इलेक्ट्रॉन आणि पोकळी यांची गाठ पडली की तो रेणू उत्तेजित होतो. शांत होताना तो ही जादा ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो.

हे सारे थर मिळून सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचे असतात. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण ७०,००० नॅनोमीटर धरली तर हा दिवा केसाच्या सातशेव्या हिश्श्याइतका पातळ झाला. इतका पातळपणा कशासाठी, ते एका छोट्या हिशोबाने कळेल. सेंद्रिय पदार्थ विजेचे चांगले वाहक नाहीत. त्यांतून विद्युत्भार ढकलायला तीव्र विद्युत्क्षेत्र लागते. १०० नॅनोमीटर जाडीवर १० व्होल्ट दिले तर क्षेत्र होते मीटरला १० कोटी व्होल्ट! जाडी कमी केली म्हणूनच साध्या बॅटरीवर हे काम भागते.

१९६३ साली न्यूयॉर्कमध्ये मार्टिन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँथ्रॅसीनच्या स्फटिकातून विजेने प्रकाश काढला होता. अँथ्रॅसीन हाही डांबरातलाच पदार्थ. पण तो स्फटिक कित्येक हजार नॅनोमीटर जाड होता आणि त्याला ४०० व्होल्टच्या आसपास दाब द्यावा लागला. असा दिवा घरात कोण लावणार?

खरी वाट सापडली १९८७ साली. अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन पातळ सेंद्रिय थर एकावर एक दिले. सुमारे ७५ नॅनोमीटरचा एक थर पोकळ्या वाहून नेणारा होता. सुमारे ६० नॅनोमीटरचा दुसरा थर अ‍ॅल्क्यू-३ नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगाचा होता. या जोडीने १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर भरपूर हिरवा प्रकाश दिला. आजच्या सगळ्या ओएलईडी पडद्यांचे मूळ या प्रयोगात आहे.

गर्दीत उजेड हरवतो

तुम्हाला वाटेल, झाले तर मग! छान चमकणारा रेणू घ्यावा, त्याचा थर द्यावा आणि वीज सोडावी. पण इथे एक अडचण येते. तिचा अंदाज घ्यायला घरी एक प्रयोग करून पाहा.

नोटा तपासण्यासाठी दुकानदार जो जंबुपार किरणांचा छोटा दिवा वापरतात, तो मिळवा. त्याचा झोत कोणाच्याही डोळ्यांवर पडू देऊ नका. पिवळ्या हायलायटर पेनमधली शाई एका काचेच्या पेल्यात थोड्याशा पाण्यात काढा. खोलीत अंधार करून त्यावर दिवा धरा. दाट शाईत चमक वरच्या थरापुरती आणि निस्तेज दिसेल. आता हळूहळू पाणी वाढवत जा. एका टप्प्यापर्यंत सगळा पेला झगझगू लागेल. त्यानंतरही पाणी वाढवलेत तर चमक पुन्हा मंदावेल.

दाट शाईत असे का होते? एक कारण सोपे आहे. वरचीच शाई जंबुपार किरण शोषून घेते, खालपर्यंत ते पोचतच नाहीत. दुसरे कारण आपल्या विषयाशी जास्त जवळचे आहे. चमकणारे रेणू एकमेकांना खेटून बसले की एकाची ऊर्जा शेजाऱ्याकडे, त्याची पुढच्याकडे अशी उड्या मारत जाते. वाटेत एखादा बिघडलेला किंवा चुकीच्या जागी बसलेला रेणू भेटला की ती तिथे उष्णतेच्या रूपाने संपते. दोन उत्तेजित रेणू जवळ आले तर एकमेकांचा घातही करतात. गर्दी वाढली की उजेड घटतो.

उपाय कोणता? चमकणारे रेणू एकमेकांपासून दूर ठेवायचे. शाईत हे काम पाण्याने केले. पण दिव्याच्या थरात पाणी चालणार नाही, कारण तिथे पसरवणाऱ्या पदार्थाने विद्युत्भारही वाहून नेला पाहिजे. असा जो घन पदार्थ, तोच यजमान. थरात शंभरातले नव्वदहून अधिक भाग यजमानाचे असतात आणि उरलेले थोडे पाहुण्याचे. यजमान इलेक्ट्रॉन आणि पोकळ्या गोळा करतो, त्यांची गाठ घालून देतो आणि मिळालेली ऊर्जा पाहुण्याच्या हाती देतो. १९८९ साली टँग आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅल्क्यू-३ या यजमानात कुमारीन जातीचे रंगद्रव्य अगदी थोडे मिसळले, तेव्हा दिव्याची कार्यक्षमता जवळपास दुप्पट झाली. पाहुणा बदलला की प्रकाशाचा रंगही बदलता येतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

चारांतले तीन वाया

यानंतर दहा वर्षे संशोधकांना एक मोठी गळती सतावत राहिली. इलेक्ट्रॉनला परिवलन नावाचा एक गुणधर्म असतो. उत्तेजित रेणूतल्या दोन इलेक्ट्रॉनांची परिवलने कशी जुळतात, यावरून त्याच्या दोन प्रकारच्या अवस्था होतात. एकीला एकक अवस्था म्हणतात, दुसरीला त्रिक अवस्था. पुंजवादाच्या हिशोबाप्रमाणे विजेने उत्तेजित झालेल्या दर चार रेणूंपैकी सरासरी एक एकक अवस्थेत जातो आणि तीन त्रिक अवस्थेत.

साधे सेंद्रिय रेणू एकक अवस्थेतून झटकन प्रकाश देतात. याला अनुस्फुरण म्हणतात. त्रिक अवस्थेतून प्रकाश यायला मात्र त्यांना फार वेळ लागतो आणि तेवढ्यात ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे १०० पैसे खर्चून उजेड २५ पैशांचा.

ही गळती बुजवली ती जड धातूंनी. अणुक्रमांक ७७ चा इरिडियम किंवा ७८ चा प्लॅटिनम रेणूच्या मध्यभागी बसवला की त्या जड अणुकेंद्राच्या प्रभावामुळे परिवलनाचे बंधन सैल होते आणि त्रिक अवस्थेतूनही प्रकाश बाहेर पडतो. हे प्रस्फुरण होय. १९९८ साली अमेरिकेत मार्क बाल्डो, स्टीफन फॉरेस्ट, मार्क थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमच्या संयुगाने लाल दिवा करून दाखवला. पुढच्याच वर्षी इरिडियमच्या संयुगाने हिरवा दिवा केला. २००१ पर्यंत दिव्याच्या आत चारांतल्या जवळजवळ चारही रेणूंचा प्रकाश मिळू लागला.

इरिडियमच्या त्या हिरव्या दिव्यात पाहुणा थोडाच होता. बाकी सारा थर सीबीपी नावाच्या यजमानाचा होता. इथून यजमानाचे महत्त्व खऱ्या अर्थाने वाढले.

टाकी उंच हवी

आपल्या गावात पाण्याची टाकी नेहमी उंचावर बांधतात. टाकी घरापेक्षा उंच असेल तरच पाणी नळाला येते. टाकी खाली आणि घर टेकडीवर असेल तर पाणी उलटे टाकीकडेच धावेल. यजमान आणि पाहुणा यांचे नाते असेच आहे. यजमानाच्या त्रिक अवस्थेची ऊर्जा पाहुण्याच्या त्रिक अवस्थेपेक्षा जास्त पाहिजे. नाहीतर पाहुण्याला दिलेली ऊर्जा यजमानाकडे परत येईल आणि वाया जाईल.

ही ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. प्रकाशाच्या रंगाशी तिचे नाते लक्षात ठेवायला सोपे आहे: १२४० ला ऊर्जेच्या आकड्याने भागले की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. इरिडियमच्या हिरव्या पाहुण्याची त्रिक ऊर्जा सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. १२४० भागिले २.४ म्हणजे साधारण ५१७ नॅनोमीटर, हा हिरवा रंग. सीबीपीची त्रिक ऊर्जा सुमारे २.५६ आहे. टाकी थोडी का होईना, पण उंच आहे. म्हणून हिरवा दिवा उत्तम लागला.

निळ्याची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. इरिडियमच्या आकाशी-निळ्या पाहुण्याला सुमारे २.६५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. सीबीपीची टाकी आता घराच्या खाली गेली. २००१ साली तरीही हा दिवा करून पाहिला. भोवतालच्या उष्णतेच्या आधाराने ऊर्जा कशीबशी चढ चढली आणि १०० विद्युत्भारांमागे बाहेर आलेले प्रकाशकण ५ ते ६ भरले. २००३ साली एमसीपी नावाचा यजमान घेतला. त्याची त्रिक ऊर्जा सुमारे २.९ आहे. बाहेर येणारे प्रकाशकण साडेसातांच्या घरात गेले. पाहुणा तोच होता, फरक पडला तो घर बदलल्यामुळे.

सीबीपी आणि एमसीपी यांत फरक काय? दोन्हींत कार्बाझोल हाच मुख्य घटक आहे. कार्बाझोल म्हणजे नायट्रोजनच्या अणूने एकत्र बांधलेली बेंझीनची दोन कडी. हाही डांबरातच सापडतो. सीबीपीत दोन कार्बाझोल घटकांमध्ये बेंझीनची दोन कडी सरळ रेषेत येतात. एमसीपीत मध्ये एकच कडे असते आणि दोन्ही कार्बाझोल त्या कड्याला समोरासमोर नव्हे, तर एक जागा सोडून जोडलेले असतात. रेणूतल्या इलेक्ट्रॉनांना फिरायला जितका लांब सलग रस्ता, तितकी उत्तेजनाची ऊर्जा कमी. एमसीपीतल्या आडवळणाने तो रस्ता तुटतो, म्हणून ऊर्जा वाढते. रस्ता तोडायची दुसरी युक्ती म्हणजे कड्यांवर मिथिल गट बसवणे. हे गट एकमेकांना अडतात, कडी पिळली जातात आणि ऊर्जा वर जाते. रसायनशास्त्रज्ञ असा विचार करून रेणूचा आराखडा आधी कागदावर काढतो.

पाकाची गोष्ट

आता मोटारीतल्या मोबाइलकडे परत जाऊ. त्यासाठी आधी स्वयंपाकघरात डोकवावे लागेल.

आई चिक्कीसाठी साखरेचा पाक करते. गरम पाक ताटात पातळ ओतून लवकर थंड झाला तर काचेसारखी पारदर्शक वडी होते. पण तोच पाक सारखा ढवळला, किंवा दमट जागी पडून राहिला, तर त्यात साखर धरते. पांढरे रवाळ कण दिसू लागतात. पदार्थ तोच, पण पहिल्या रूपात रेणू अस्ताव्यस्त थिजलेले आहेत, आणि दुसऱ्या रूपात ते ओळीने बसून स्फटिक झाले आहेत. पहिल्या रूपाला काचरूप म्हणता येईल.

दिव्यातला सेंद्रिय थर असाच काचरूपात असावा लागतो. त्यात स्फटिक वाढू लागले की थर खडबडीत होतो, पाहुणे एका बाजूला ढकलले जातात, विजेला सोप्या वाटा सापडतात आणि पडद्यावर काळे ठिपके पडतात. काचरूप कोणत्या तापमानापर्यंत टिकेल यालाही मर्यादा आहे. त्या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणतात. त्याच्या वर गेले की थिजलेले रेणू हालचाल करू लागतात.

सीबीपीचे काचसंक्रमण तापमान सुमारे ६२ अंश सेल्सिअस आहे आणि एमसीपीचेही ६० अंशांच्या आसपासच. थंड देशातल्या प्रयोगशाळेत हे चालून जाईल. पण मे महिन्यातल्या अकोल्याच्या बंद मोटारीत काय होईल, ते तुम्हीच सांगा! शिवाय दिवा चालू असताना स्वतःची उष्णता त्यात भर घालते, ती वेगळीच. ओएलईडीचा पहिला बाजारी उपयोग मोटारीतल्या रेडिओच्या पट्टीसाठीच झाला. जपानच्या पायोनियर कंपनीने तो १९९७ साली आणला. त्यामुळे उष्णतेत टिकणाऱ्या रेणूंचा विचार अगदी सुरुवातीपासून करावा लागला.

मग काय करायचे? पाकात साखर धरू नये म्हणून जाणत्या बायका त्यात लिंबाचे दोन थेंब पिळतात. लिंबाच्या आम्लाने थोड्या साखरेचे दोन वेगळ्या शर्करांत विघटन होते. वेगवेगळ्या आकाराचे रेणू मिसळले की ओळीत बसणे अवघड होते. यजमानाच्या बाबतीत असा अडथळा रेणूच्या अंगातच बसवतात. रेणू मोठा, बोजड आणि वेडावाकडा करायचा, म्हणजे तो सहजासहजी रांगेत बसत नाही. टीसीटीए या रेणूत एका नायट्रोजनभोवती कार्बाझोलच्या तीन शाखा पंख्याच्या पात्यांसारख्या पसरलेल्या असतात. त्याचे काचसंक्रमण तापमान सुमारे १५१ अंश आहे. अ‍ॅल्क्यू-३ चे सुमारे १७५ अंश आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. पडद्यातले आजचे रेणू उन्हाळ्याच्या हिशोबानेच घडवलेले असतात.

पण रेणू मोठा करताना त्याचा सलग रस्ता लांबला, तर त्रिक ऊर्जा खाली येते. ऊर्जा जपावी तर रेणू लहान राहतो आणि उष्णतेत हलतो. या ओढाताणीतून वाट काढणे हेच यजमान घडवणाऱ्याचे कौशल्य.

रेणू घडतो कसा

आता प्रत्यक्ष कृती पाहू. आपल्या जवळचे उदाहरण नागपूरचे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातले प्राध्यापक संजय ढोबळे, तसेच एन. थेजो कल्याणी आणि त्यांचे सहकारी यांनी निळा प्रकाश देणाऱ्या डायफिनिल क्विनोलीन या रेणूवर आणि त्याच्या क्लोरीन व ब्रोमीन जोडलेल्या भावंडांवर काम केले आहे. युरोपियम या धातूच्या लाल प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय संयुगांवरही त्यांचा अभ्यास आहे. कल्याणी, ढोबळे आणि दक्षिण आफ्रिकेतले स्वार्ट यांचे ओएलईडीवरचे इंग्रजी पुस्तक २०१७ साली प्रसिद्ध झाले.

क्विनोलीन हे नाव ओळखीचे वाटते ना? हिवतापावरच्या क्विनीनमध्ये हेच दुहेरी कडे असते. क्विनीनचे द्रावण जंबुपार किरणांखाली निळे चमकते. अ‍ॅल्क्यू-३ मध्येही अ‍ॅल्युमिनियमभोवती क्विनोलीनचीच तीन कडी असतात.

डायफिनिल क्विनोलीन करण्याची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्रिडलेंडर यांनी १८८२ साली शोधलेल्या अभिक्रियेवर आधारलेली आहे. २-अमिनोबेंझोफेनोन आणि अ‍ॅसिटोफेनोन ही दोन संयुगे आम्लधर्मी उत्प्रेरकाबरोबर मेटा-क्रेसॉल या द्रावकात सुमारे १४० अंश सेल्सिअसपर्यंत काही तास तापवतात. पहिल्यातला अमिनो गट दुसऱ्याच्या कार्बोनिल गटाला धरतो, पाणी बाहेर पडते, नवे कडे मिटते आणि पुन्हा पाणी बाहेर पडते.

वस्तुमानाचा हिशोब करून पाहा. पहिल्या संयुगाचे रेणुवस्तुमान १९७, दुसऱ्याचे १२०, बेरीज ३१७. तयार रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे १५ आणि नायट्रोजनचा १ अणू असतो. त्याचे वस्तुमान २८१. बाहेर पडलेले पाण्याचे दोन रेणू ३६. बेरीज पुन्हा ३१७! शालेय पुस्तकातला वस्तुमान अक्षय्यतेचा नियम संशोधनाच्या चंचुपात्रातही तसाच पाळला जातो.

कार्बाझोलचे यजमान करायची रीत वेगळी. सीबीपीसाठी कार्बाझोलचे दोन रेणू आणि दोन टोकांना ब्रोमीन किंवा आयोडीन असलेला बायफिनिलचा एक रेणू घेतात. तांब्याची भुकटी आणि पोटॅशियम कार्बोनेट घालून ते बराच वेळ उच्च तापमानाला ठेवतात. तांबे नायट्रोजन आणि कार्बन यांची गाठ मारून देते, आणि निघालेले आम्ल कार्बोनेट शोषून घेते. ही उल्मान यांची शंभराहून अधिक वर्षांची जुनी रीत. अलीकडे तांब्याच्या जागी पॅलॅडियम वापरतात. पॅलॅडियमच्या साहाय्याने कार्बनला कार्बन जोडण्याच्या रीतींसाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रेणू तयार झाला म्हणजे काम संपले असे नाही. खरे तर कष्टाचा भाग इथून सुरू होतो. भांड्यात हव्या त्या रेणूबरोबर न जुळलेला कच्चा माल, उत्प्रेरक आणि भलतेच उपपदार्थ असतात. आम्लधर्मी भाग कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुऊन काढतात. मग स्फटिकीकरण करतात. पुढे सिलिकाच्या उभ्या नळीतून द्रावण सोडून घटक वेगळे करतात. सर्वांत शेवटी संप्लवन. कापूर तापवला की तो न वितळता उडतो आणि थंड झाकणावर पुन्हा जमतो, तसेच हे. फरक इतकाच की इथे लांब नळीत निर्वात करतात आणि तिचे एक टोक जास्त गरम, दुसरे कमी गरम ठेवतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या तापमानाच्या पट्ट्यात वेगळा जमतो. मधला शुद्ध पट्टा तेवढा खरवडून घेतात. हजार रेणूंत एखादा परका राहिला, तरी तो विद्युत्भार अडकवून ठेवतो आणि दिव्याचे आयुष्य घटवतो.

इतक्या कष्टाने केलेला पदार्थ पडद्यात किती लागतो? १०० चौरस सेंटिमीटरच्या पडद्यावर यजमानाचा ३० नॅनोमीटरचा थर धरा. त्याचे घनफळ ०.०००३ घनसेंटिमीटर झाले. घनता १.२ धरली तर वस्तुमान येते ०.३६ मिलिग्रॅम, म्हणजे खसखशीच्या जवळपास एका दाण्याएवढे! निर्वात कोठीत मूस तापवून सेकंदाला ०.१ नॅनोमीटर या गतीने हा थर दिला, तर त्याला ३०० सेकंद लागतील. शेजारच्या दुसऱ्या मुशीतून पाहुण्याची वाफ त्याच वेळी, पण कितीतरी सावकाश सोडायची. अर्थात मुशीतला पुष्कळ माल कोठीच्या भिंतींवरही बसतो, म्हणून प्रत्यक्ष खर्च याहून जास्त होतो.

नागपूरहून सोलपर्यंत

पाहुणा किती ठेवायचा, या प्रश्नावरही आपल्याकडच्या एका प्राध्यापकाने काम केले आहे. नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातले रामचंद्र पोडे पुढे दक्षिण कोरियात सोलच्या क्युंग ही विद्यापीठात गेले. तिथे क्वोन यांच्या गटाबरोबर त्यांनी प्रस्फुरक दिव्यांच्या यजमानांचा अभ्यास केला. बेरिलियमचे एक क्विनोलीन जातीचे संयुग यजमान म्हणून घेतले, तर लाल प्रकाश देणारा इरिडियमचा पाहुणा अवघा १ टक्का असला तरी पुरतो, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या गटाच्या निबंधात दाखवले आहे. एरवी तो याच्या कित्येक पट घालत. इरिडियम हा अत्यंत दुर्मिळ धातू आहे, म्हणून या १ टक्क्याचे मोल मोठे. मात्र बेरिलियम विषारी असल्याने ते हाताळताना फार काळजी घ्यावी लागते. एक अडचण सोडवताना दुसरी उभी राहते ती अशी.

अमरावतीतही प्रकाश देणाऱ्या पदार्थांची परंपरा आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात एस. के. ओमनवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी असेंद्रिय दीप्तिद्रव्यांवर, म्हणजे दिव्यांच्या आतून लावायच्या भुकट्यांसारख्या पदार्थांवर, बरेच काम केले आहे. तिथेही यजमान आणि पाहुणा हेच तत्त्व आहे. बोरेटसारखा स्फटिक यजमान आणि त्यात चिमूटभर दुर्मिळ मृत्तिका धातू पाहुणा.

निळ्याचे दुखणे

आता न सुटलेल्या प्रश्नाकडे वळू. लाल आणि हिरवा प्रस्फुरक दिवा बाजारात केव्हाच आला. निळ्याचे आयुष्य मात्र तोकडे पडते. कारण निळ्या प्रकाशाची ऊर्जा २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते, आणि त्यासाठी यजमान त्याहून वरचा लागतो. रेणूतला कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातला बंध तोडायला लागणारी ऊर्जाही जवळपास तेवढीच, म्हणजे ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते. म्हणजे जी ऊर्जा प्रकाश द्यायची, तीच कधी कधी घराची भिंत पाडते! म्हणूनच पडदे करणारे कारखाने दीर्घकाळ निळ्यासाठी जुना अनुस्फुरक दिवा वापरत आले. त्यात यजमान अँथ्रॅसीनच्या कुळातला असतो आणि बरीच वीज वाया जाते.

२०१२ साली जपानच्या क्युशू विद्यापीठात चिहाया अडाची यांच्या गटाने जड धातू न वापरता त्रिक अवस्थेतली ऊर्जा परत एकक अवस्थेत आणणारे रेणू करून दाखवले. एकक आणि त्रिक यांतले अंतर इतके कमी ठेवायचे की खोलीची उष्णताच ऊर्जेला वर ढकलते. तरीही त्या पाहुण्यालाही यजमान लागतोच. उंच ऊर्जा, उष्णतेत टिकाव, इलेक्ट्रॉन आणि पोकळी दोहोंचे सारखे वहन आणि न तुटणारे बंध, हे चारही गुण एकत्र असलेला निळ्याचा यजमान जो घडवील, तो कोट्यवधी मोबाइलांतली वीज वाचवील.

यासाठी लागणारे ज्ञान तुमच्या शालेय पुस्तकांतच सुरू होते. बेंझीनचे कडे, बंध, ऊर्जा, तरंगलांबी आणि शुद्धीकरण. नागपूरला जे झाले ते अमरावतीला किंवा अकोल्याला होणार नाही, असे मानायला काही कारण नाही. आपल्याकडच्या उन्हाची परीक्षा पास झालेला रेणू जगात कुठेही चालेल!

करून पाहा

१. निळ्या दिव्याची तरंगलांबी ४६० नॅनोमीटर आहे. पाहुण्याची ऊर्जा किती? त्याला सीबीपी यजमान म्हणून चालेल का? एमसीपी चालेल का?

२. कार्बाझोलचे रेणुवस्तुमान १६७ आणि डायब्रोमोबायफिनिलचे ३१२ आहे. सीबीपी तयार होताना हायड्रोजन ब्रोमाइडचे दोन रेणू बाहेर पडतात. त्यांचे प्रत्येकी वस्तुमान ८१ धरून सीबीपीचे रेणुवस्तुमान काढा.

३. साखरेचा पाक दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबाचे दोन थेंब टाकून थोडा वेळ उकळा. मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करा, कारण पाकाचा चटका जबर असतो. दोन्ही वाट्या आठ दिवस ठेवून कोणत्या वाटीत साखर आधी धरते ते पाहा आणि कारण वहीत लिहा.